पाळेखालची रेंज

"काका, रेंज ह्या डबड्यात नसती, कंपनीत असती," जाकीर पुन्हा एकदा म्हणाला. "डबडं नवं घ्या न्हाईतर जुनं ठिवा. तुमच्याकडं टावर कुणाचा पोचतो, त्याच्यावर सगळं हाय."

बद्रीनाथने समजल्यासारखी मान हलवली आणि काचेखाली मांडलेल्या फोनांकडे बोट दाखवून विचारलं, "मग ह्यातला कंचा चांगला?"

जाकीरने कपाळाला हात लावला. वडवणीचा बाजाराचा दिवस होता. दुकान कसलं, दोन माणसं आत आली की तिसऱ्याला दारात उभं राहावं लागेल एवढी जागा. त्यात एकाला फोनवर काच चिकटवून हवी होती, एक बाई चार्जर परत करायला आली होती आणि भांडायच्या तयारीत होती. या सगळ्यात हा पन्नाशी उलटलेला माणूस मघापासून काचेवर आपला बटणांचा फोन ठेवून उभा होता. त्याला ना फोटो काढायचे होते, ना गाणी ऐकायची होती. त्याला फक्त रेंज हवी होती, आणि ती जणू किलोवर मिळते अशा थाटात तो मागत होता.

"राहता कुठं तुमी?" जाकीरने विचारलं.

"पाळेखाली."

"म्हंजी?"

"तलावाच्या पाळेखाली. गावाच्या नळाचा पंप हाय ना, तिथं. पंप मीच चालवतो."

जाकीरला जागा लक्षात आली. एका बाजूला तलावाची उंच पाळ, म्हणजे मातीचा बांध, उरलेल्या बाजूंना डोंगर, आणि मध्ये खड्ड्यात विहीर, पंपाची खोली, तिला लागून पत्र्याचं घर. पाण्याला खोलगट जागा लागते आणि रेंजला उंच. बद्रीनाथचा सगळा जन्म पाण्याच्या बाजूने गेला होता.

"तिथं कुनाचाबी फोन लागत नसंल," जाकीर म्हणाला.

"पाळेवर चढलं की लागतो."

"मग चढा की पाळेवर."

"रोज चढतो. पर आता चढून भागायचं न्हाई. खाटंवर पडल्या पडल्या वाजला पायजे. कवाबी, कुनी लावला तरी."

"एवढा कुनाचा येनार हाय काका?" काच पुसता पुसता जाकीर हसला. "मंत्र्याचा?"

"बहिनीचा," बद्रीनाथ म्हणाला. मग, जसं काही दुकानदाराला हेही सांगायला लागतं, असं तो म्हणाला, "एक बहीन गेली. येळंला कळलं न्हाई मला. दुसरी हाय अजून."

जाकीरचा काच पुसणारा हात थांबला. तोंडाचा फटकळ असला तरी जाकीर आतून वाईट माणूस नव्हता. त्याने बद्रीनाथचा फोन उचलून त्याच्याच खिशात परत घातला.

"आज काय घिऊ नका," तो म्हणाला. "जुम्म्याला नमाज झाली की मी येतो तिकडं. माझ्याकडं रिचार्जसाठी तीन कंपन्यांचे तीन फोन असतेत. तुमच्या खाटंवर ठिवून बगू, कंचा वाजतो ते."

बद्रीनाथला दोन बहिणी. थोरली विमलबाई, तिला सगळं गोत अक्का म्हणायचं, ती परळी तालुक्यात धर्मापुरीला दिलेली. धाकटी छबुबाई केजकडे, युसूफ वडगावला. मधला हा एकुलता भाऊ. आईबाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे माहेर म्हणजे बद्रीनाथ आणि त्याची बायको प्रयाग, आणि माहेरचं घर म्हणजे पंपाशेजारची पत्र्याची खोली. पंचमीला, दिवाळीला दोघी तिथेच यायच्या. रात्रभर मोटरीची घरघर ऐकायच्या, सकाळी झोप झाली नाही म्हणून कुरकुर करायच्या, आणि निघताना पदराला डोळे पुसायच्या.

फोन तिघांच्याही घरी साधारण एकाच सुमाराला आले. तेव्हा बोलण्याला पैसे पडत आणि मिसकॉल फुकट असे. अक्कानेच रीत घालून दिली. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावून झाला की ती बद्रीनाथला एक रिंग द्यायची आणि कट करायची. म्हणजे धर्मापुरीत सगळं ठीक आहे. ती आली की बद्रीनाथने छबूला एक रिंग द्यायची. म्हणजे अक्का ठीक, मीही ठीक. मग छबूने फिरून अक्काला. अक्काच्या हातातला फोन वाजला की फेरा पुरा झाला, तिन्ही घरं सुखरूप आहेत असं समजून अक्का जेवायला बसायची. फोन कोणी उचलायचा नाही, हा नियम.

पुढे बोलणं स्वस्त झालं, जवळजवळ फुकटच झालं, तरी रीत कोणी मोडली नाही. एक तर फोनवर बोलायला लागलं की अक्काला रडू यायचं. ती रडली की छबू रडायची. एका रिंगमध्ये भागतंय तर रडारड कशाला, असं बद्रीनाथचं म्हणणं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या एका रिंगमध्ये जे त्याला मिळायचं ते बोलण्यात मिळत नव्हतं. अक्काने आत्ता या घडीला आपल्या नावाचं बटण दाबलंय, एवढं कळलं की त्याचा दिवस मिटायचा.

त्या रिंगसाठी तो रोज संध्याकाळी पाळेवर चढायचा. वर एक बाभूळ आहे, तिच्याखाली रेंज यायची, तीही लहर असेल तशी. एकदा प्रयागच्या सांगण्यावरून त्याने फोन पिशवीत घालून बाभळीलाच टांगून ठेवला होता. वानरांनी पिशवी पळवली. फोन दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठाला सापडला, नशिबाने धड. त्यानंतर फोन खिशात, आणि बद्रीनाथ पाळेवर.

माघातल्या त्या संध्याकाळीही तो असाच वर उभा होता. फोन वाजला. एक रिंग, आणि बंद. पडद्यावर अक्काचं नाव. नेहमीपेक्षा जरा लवकर आला होता, पाळेवर अजून ऊन होतं. आज अक्काने दिवा लवकर लावला वाटतं, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने छबूला एक रिंग दिली, फोन खिशात टाकला, आणि लाइट यायची वेळ झाली म्हणून लगबगीने खाली उतरला. त्या रात्री तो पोटभर जेवला. पुढे त्याला सगळ्यात जास्त छळलं ते या जेवणाने.

तिकडे धर्मापुरीत अक्का नुकतीच गेली होती. चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडली, पाणी पाजेपर्यंतही थांबली नाही. तिच्या मुलाला, अंगदला, मामाचा नंबर पाठ नव्हता, म्हणून त्याने आईच्याच फोनवरून मामाला लावला. एकदा लागला, वाजला, आणि रेंज गेली म्हणून तुटला. नंतर लागलाच नाही. आईच्या उशाशी बसून तो पुन्हा पुन्हा लावत असताना त्याच्या हातात तोच फोन एकदा वाजला आणि थांबला. छबूमावशीचा मिसकॉल. वडगावला सगळं ठीक, पंपावर सगळं ठीक, फेरा पुरा झाला, आता जेवायला बसा, असं सांगणारा.

बाई सासरी कितीही वर्षं नांदलेली असो, तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भावाने ते आणायचं, तिच्यावर घालायचं, मग तिला उचलायचं. अंगदने मावशीला फोन करून सांगितलं तशी छबू उजाडायच्या आत धर्मापुरीत पोचली. भावाचा पत्ता लागेना तेव्हा ती म्हणाली, मी घालते लुगडं, मीबी माहेरचीच हाय. पण जाणत्या बायांनी ऐकलं नाही. तूही दुसऱ्याच्या घरची झालीस, भावाच्या हातचंच लागतं, म्हणाल्या. सगळे खोळंबून राहिले. अखेर कोणीतरी बद्रीनाथच्या गावातल्या किराणा दुकानाचा नंबर मिळवला. दुकानदाराने मोटरसायकलवर माणूस पिटाळला, आणि बद्रीनाथला कळलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

अक्का अहेव गेली, म्हणून वडवणीत त्याने हिरवं इरकल लुगडं घेतलं. भाव केला नाही, घडी उलगडून पाहिली नाही. परळीला गाडी बदलून तो पोचला तेव्हा चिता अर्धी जळून गेली होती. लुगडं भावकीतल्याच कोणीतरी दिलं होतं. एक म्हातारा त्याला ऐकू जाईल असा म्हणाला, "भाऊ आसून बाई बिनमाहेराची गेली."

"तिकडं रेंजच न्हाई वो त्यांच्याकडं," कोणीतरी बद्रीनाथच्या बाजूने बोललं. आणि बद्रीनाथने त्या बोलण्याला मान हलवली. नाही हलवली असती तर बरं झालं असतं.

छबू पुढे आली. आवाज न चढवता म्हणाली, "रेंज नव्हती? मग मला तुझा मिसकॉल कसा आल्ता, दादा?"

त्याच्या हातातलं लुगडं छबूने ओढून घेतलं, काखेत धरलं, आणि ती बायांच्या घोळक्यात निघून गेली. त्यानंतर तिचा ना शब्द, ना रिंग. बद्रीनाथ मात्र रोज पाळेवर चढत राहिला. छबूचा नंबर काढायचा, बटणावर अंगठा ठेवायचा आणि तसाच उभा राहायचा. कशाची रिंग द्यायची? सगळं ठीक आहे म्हणून? अंधार पडला की खाली यायचा.

गेलेल्या बहिणीचं आता काही करता येणार नव्हतं. राहिलेल्या बहिणीसाठी एकच करता येण्यासारखं होतं. तिच्या घरून कधी काही निरोप यायची वेळ आली, तर आपला फोन वाजायला हवा. तो वडवणीला जाकीरच्या दुकानात गेला तो यासाठी.

शुक्रवारी जाकीर बोलल्याप्रमाणे आला. पांढऱ्या कपड्यांवर पाळेवरची धूळ घेऊन खाली उतरला, आणि आल्या आल्या त्याने तीन फोन खाटेवर मांडले. एकाला काळं कव्हर, एकाला लाल, एकाला निळं. प्रयाग दारात येऊन बघायला लागली.

"ह्यो काय, मुलगी बघायचा कारेक्रम हाय का?" ती म्हणाली.

"असंच समजा काकू. तीन स्थळं आनलीत," जाकीर म्हणाला. "पसंत करायचं काम तुमचं."

काळ्यावर एकही रेघ नव्हती. तो विहिरीवर, चुलीपाशी, पंपाच्या खोलीत, सगळीकडे फिरवून झाला. लालवर दाराबाहेर एक रेघ यायची आणि उंबरा ओलांडला की जायची. "हिला सासर पसंत न्हाई," जाकीर म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी प्रयाग हसली. निळ्याला मात्र खाटेवर दोन रेघा आल्या. जाकीरने खाट जरा खिडकीकडे ओढली, फोन खिडकीच्या फळीवर ठेवला. तीन रेघा.

"कसं काय बा?" बद्रीनाथला खरं वाटेना.

"त्या दोन डोंगरांच्या मधून येत आसंल कुठून तरी. सिरसाळ्याकडं नवा टावर बसलाय म्हनतेत." जाकीरलाही नक्की माहीत नव्हतं, पण त्याने ते खात्रीने सांगितलं. "तुमचा नंबर हाय त्योच ऱ्हातो. निसती कंपनी बदलायची. फोनबी हाच चालंल, नवा कशाला घेता? पर आधी बोलून बगा. काही ठिकानी रेघा दिसतेत आन् आवाज फाटतो. लावा कुनाला तरी."

बद्रीनाथने निळा फोन हातात घेतला. कोणाला लावायचा याचा विचार करायच्या आधीच त्याच्या बोटांनी आकडे दाबले होते. त्याला आयुष्यात एकच नंबर तोंडपाठ होता, आणि तो कोणाचा हे तिकडे वाजायला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तो घाबरून बंद करणार तेवढ्यात कोणीतरी उचलला.

"हालो? कोन?"

"अंगद," बद्रीनाथ म्हणाला. "मी मामा."

"मामा? ह्यो कुनाचा नंबर? आन् आईच्या फोनवर कावून लावला?"

"चुकून लागला रे."

जाकीरने हातानेच विचारलं, आवाज येतो का? बद्रीनाथने मान हलवली. आवाज इतका स्वच्छ येत होता की तिकडच्या अंगणातली कोंबडी ऐकू येत होती.

"मला वाटलं तू बंद केला आसंल ह्यो नंबर," बद्रीनाथ म्हणाला.

"करनार व्हतो. पर मावशी देती ना रोज."

"काय देती?"

"मिसकॉल. दिवेलागनीला. एक रिंग देती आन् कट करती. मी उचलत न्हाई. पर फोन चार्ज करून ठिवतो. बंद लागला तर तिला कसं वाटंल?"

बद्रीनाथ खाटेवर बसला. कितीतरी दिवस जे कोणापाशी बोलला नव्हता ते त्या निळ्या फोनमध्ये, परक्या माणसासमोर, त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"अंगद, त्या दिशी तुजा फोन वाजला व्हता रे मला. एकदा वाजला. मला वाटलं अक्का देती रोजचा. मी... मी खाली येऊन जेवलो."

"ठावं हाय मला, मामा."

"ठावं हाय?"

"मावशीचा लगीच आल्ता ना आईच्या फोनवर. मावशीचा आला म्हंजी तुमचा तिला गेला. फेरा कसा फिरतो ते आईनं आमाला ल्हानपनापून सांगितलेलं हाय." अंगद म्हणाला. "पावन्यारावळ्यात मी रेंजच नव्हती म्हनून सांगितलं. आन् ते खोटं थोडंच हाय? रेंज आसती तर त्यो तुटलाच नसता."

प्रयागने पदर तोंडाला लावला. जाकीर उठून उगाचच विहिरीत डोकावायला गेला.

"अंगद, माजं एक ऐकशील?" बद्रीनाथ म्हणाला. "छबूचा आला की तू मला एक देत जा. अक्का द्यायची तसा. मी छबूला दीन."

"मामा, लोक येडं म्हनतील आपल्याला."

"म्हनू दी."

"बरं," अंगद म्हणाला.

जाकीरने नंबर निळ्या कंपनीत बदलून दिला. ते व्हायला काही दिवस लागले, आणि तेवढे दिवस बद्रीनाथ जीव मुठीत धरून होता. आता नेमकं काही होऊ नये, असं तो रोज पाळेवर उभा राहून म्हणायचा. मग एके दिवशी खिडकीच्या फळीवर ठेवलेला त्याचा तोच जुना बटणांचा फोन घरातल्या घरात वाजला. एक रिंग. पडद्यावर अक्काचं नाव.

अंगदने दिलाय, हे त्याला माहीत होतं. तरी तो त्या उजळलेल्या नावाकडे बघत राहिला. अक्का ठीक आहे, असं क्षणभर त्याला वाटलं, आणि ते वाटून गेल्यावर जे उरलं ते सोसायला त्याला भिंतीला टेकावं लागलं. मग त्याने छबूला एक रिंग दिली आणि कट केली.

उत्तर कशाचं येणार? त्या रीतीत उत्तर नसतंच. छबूला रिंग पोचली की नाही, पोचली तर तिने बघितली की फोन उलटा करून ठेवला, काही कळायला मार्ग नव्हता. रोज अंगदचा यायचा, बद्रीनाथ पुढे द्यायचा. प्रयाग एकदा म्हणाली, "आवं, सरळ फोन करा की त्यान्ला. आता तर घरात रेंज हाय."

"तिनं न्हाई उचलला तर?" तो म्हणाला. त्याला भीती होती ती एवढीच. मिसकॉल दिला तर कोणी उचलत नाही, म्हणून कोणी न उचलल्याचं दुःख नाही.

चैत्र लागला. एका संध्याकाळी प्रयाग भाकरी थापत होती आणि बद्रीनाथ पंपाचा खटका बघून नुकताच आत आला होता. फोन वाजला. अंगदची वेळ व्हायची होती अजून, दिवा लागला नव्हता. बद्रीनाथने लांबूनच पाहिलं. छबूचं नाव होतं. एक रिंग झाली. तो थांबला. दुसरी झाली. तिसरी झाली. फोन थांबेना.

या घरात लांब वाजणाऱ्या फोनचा एकच अर्थ होता. छबूच्या फोनवरून छबूच लावत असेल असं काही नव्हतं. अक्काच्या फोनवरूनही त्या दिवशी अक्काने लावला नव्हता. यासाठीच त्याने सगळा खटाटोप केला होता, आणि आता फोन वाजत होता तर त्याला तो विहिरीत फेकून द्यावासा वाटत होता.

"आवं, उचला!" प्रयाग पिठाचे हात तसेच धरून ओरडली. "तुटंल त्यो!"

त्याने उचलला. कानाला लावला. बोलला मात्र नाही.

"दादा," तिकडून आवाज आला. "मीच हाय. भिऊ नको."

छबू, एवढंच बद्रीनाथला म्हणता आलं.

"रेंज आली म्हनं तुज्याकडं."

"आली."

"आवाज चांगला येतो." छबू म्हणाली. "अंगद बोलला समदं. दादा, मी तुला त्या दिशी लई बोलले. पर मिसकॉल मीबी पुढं दिलाच की. अक्काच्या उशाला वाजला म्हनं त्यो. ते माज्यानं सोसंना, म्हनून तुज्यावर राग धरला. कुनावर तरी धरायचा व्हता."

"तुजं बरोबर व्हतं," बद्रीनाथ म्हणाला. "मी अक्काची माती चुकवली. तिला माज्या हातचं लुगडं न्हाई भेटलं."

"तेच सांगायला फोन केला." छबूचा आवाज आता शांत होता, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसा. "ते लुगडं माज्यापाशी हाय. हिरवं इरकल. घडी मोडली न्हाई मी. सून म्हनती, मेलेल्या मानसासाठी आनलेलं घरात ठिवू न्हाई. मी म्हनलं, माज्या माहेरचं हाय, ऱ्हाऊ दी. पेटीत तळाला ठिवलंय. मालक हायेत तवर हिरवं चालतंय. मी आहेव गेले तर हेच घाला म्हनून सांगून ठिवलंय तिला. तुज्या हातचंच झालं की न्हाई ते?"

बद्रीनाथ ऐकत राहिला.

"म्हंजी तुजा फोन लागला न्हाई, गाडी भेटली न्हाई, तरी माजं आडायचं न्हाई," छबू म्हणाली. "तुलाबी घोर नको. ऐकतोस ना?"

ऐकत होता. प्रत्येक शब्द ऐकू येत होता, कुठे फाटत नव्हता, तुटत नव्हता. त्याच्या मनात आलं, एवढ्या लांबून एवढं स्वच्छ ऐकू येण्यापेक्षा पाळेखाली रेंज नव्हती तेच बरं होतं. बहिणीने भावाला माफ केलं होतं, आणि त्याच बोलण्यात त्याच्यावर विसंबून राहणं सोडून दिलं होतं. तिने रागावून सोडलं असतं तर त्याला भांडता आलं असतं.

"मी येईन की छबू," तो कसाबसा म्हणाला. "मी येनारच. आता वाजतो फोन."

"ये की. न्हाई कोन म्हनतं? पंचमीला मीच येते तिकडं." मग ती गडबडीने म्हणाली, "ठिवते आता. दिवा लावायचाय. अक्काला द्यायचाय."

फोन बंद झाला. प्रयाग उठली, हात धुतले, आणि देवापुढे दिवा लावला.

थोड्या वेळाने खिडकीच्या फळीवर फोन वाजला. एक रिंग. अक्काचं नाव उजळलं आणि विझलं. बद्रीनाथ खाटेवरून उठला. छबूशी आत्ताच बोलणं झालं होतं, ती सुखरूप होती, तिलाही हा सुखरूप आहे हे ठाऊक होतं. सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तरी त्याने तिचा नंबर काढला, बटण दाबलं, तिकडे एकदा वाजू दिलं, आणि कट केलं.

मग तो जेवायला बसला.